दुसऱ्या दिवसाचं वजन

काट्यावर चढताना काडी श्वास सोडून देत असे. श्वासाला कसलं आलंय वजन, असं त्याला कितीदा तरी लोकांनी सांगून पाहिलं. पण ज्यानं उमेदीची दहा वर्षं साठ किलोच्या गटात काढली, त्याला असल्या गोष्टी सांगून उपयोग नसतो. तो नखं कापून येई, थुंकून येई, केस बारीक करून येई आणि काट्यावर उभा राहिला की डोळे मिटून घेई. काटा साठाच्या अलीकडे थांबला असं कुणी म्हणालं, म्हणजे मग उघडी.

काडी हे नाव मामांनी ठेवलेलं. आईवडिलांच्या माघारी मामांनीच त्याला वाढवलं आणि आपल्या लाँड्रीत उभं केलं. दुकान म्हणजे एक लांबलचक खोली होती. पुढे काउंटर, मागे धुण्याचे हौद, आणि मधे घोंगड्या अंथरलेली चार टेबलं. टेबलाटेबलावर कोळशाची एकेक इस्त्री, सात किलोंची. खोलीत सदोदित खळीचा, ओल्या कापडाचा आणि तापल्या लोखंडाचा वास. पंखा लावायची सोय नव्हती, कारण वाऱ्यानं कोळशाची राख उडते आणि पांढऱ्या शर्टावर बसते. त्यामुळे त्या खोलीत काम करणाऱ्याच्या अंगावर मांस कधी चढलंच नाही. मामा स्वतःही वाळलेल्या शेंगेसारखे होते, पण भाच्याला काडी म्हणायचा मान त्यांनी सोडला नाही.

मास्तर त्या दुकानात आले ते शर्ट घ्यायला. ते खरे मास्तर नव्हते. पोस्टात, पत्रं गावागावाप्रमाणे वेगळी करायच्या खोलीत ते नोकरीला होते. संध्याकाळी पोस्टामागच्या पार्सलच्या गोदामात दहाबारा पोरांना बॉक्सिंग शिकवायचे, म्हणून मास्तर. त्या दिवशी त्यांचा शर्ट तयार नव्हता. ते काउंटरला टेकून उभे राहिले आणि काडीचा उजवा हात बघत बसले. सात किलोंची इस्त्री पुढे जात होती आणि परत येत होती, जशी काही पिसाची केलेली.

"डावा हात काय करतो तुझा?" त्यांनी विचारलं.

"कापड धरतो."

"उद्यापासून कापड उजव्यानं धर."

"आणि इस्त्री?"

"ती डाव्यानं. आणि संध्याकाळी गोदामात ये."

मामांनी कपाळाला हात लावला. पुढच्या महिनाभरात दुकानातले तीन शर्ट आणि एक पडदा जळाला. पण त्या महिन्यात काडीचा डावा हात तयार झाला. साधा, सरळ, खांद्यातून निघणारा आणि तसाच परत येणारा. पुढे सगळी कारकीर्द काडी त्याच एका हातावर जगला. मामा म्हणायचे, "याचा डावा हात माझ्या गिऱ्हाइकांनी घडवलाय. त्यांची नावं लावा कुठेतरी."

गोदामातली ठोसे मारायची थैली म्हणजे पोस्टाचंच जुनं पोतं, भुसा आणि चिंध्या भरलेलं. वजनालाही पार्सल तोलायचा काटा. काडी त्यावर उभा राहिला की मास्तर गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "एवढं पार्सल परदेशी पाठवायला तिकिटं किती लागतील रे?" आणि पोरं हसायची. हसण्यावारी नेलेली ती गोष्ट पुढे खरी झाली. बावीस वर्षांचा असताना काडीची देशाच्या संघात निवड झाली.

पण त्याआधी एक सांगायला हवं. देशातल्या स्पर्धांत वजन एकदाच व्हायचं. पहिल्या दिवशी पहाटे सगळे रांगेत उभे राहायचे, काटा कबूल झाला की झालं. मग स्पर्धा चार दिवस चालो नाहीतर पाच, परत कुणी काट्यापाशी बोलवायचं नाही. मास्तरांनी त्याचा एक रिवाजच करून टाकला होता. वजन झालं की तिथेच, काट्याच्या पायथ्याशी, त्यांचा डबा उघडायचा. उकडलेली अंडी, लोणी लावलेला पाव आणि साखर घातलेलं दूध. आठ दिवस अर्धपोटी राहिलेला काडी उकिडवा बसून खायचा आणि मास्तर त्याच्याकडे एखाद्या आईसारखे बघत बसायचे. "वजन झालं की तोंड सुटलं," असं ते म्हणायचे. अंतिम लढतीपर्यंत साठातला काडी बासष्टाचा व्हायचा, समोरचाही व्हायचा, आणि कुणाची काही तक्रार नसायची.

परदेशात काडी तीनदा गेला. पहिल्यांदा गेला तेव्हा वजनाच्या दिवशीच दुपारी लढत लागली आणि दुसऱ्या फेरीत पंचांनी ती थांबवली. तीन वर्षांनी पुन्हा गेला. पुन्हा पहिल्याच दिवशी लढत, या वेळी तिन्ही फेऱ्या उभा राहिला आणि गुणांवर हरला. दोन्ही वेळा संघात तिघंच होते, आणि तिघंही पहिल्याच दिवशी मोकळे झाले. हरण्यात आपल्या संघाची एकी मोठी होती.

जाताना काडी दोन शर्ट इस्त्री करून न्यायचा. एक पहिल्या दिवसाला, एक दुसऱ्या. इस्त्री कसली, कागदाची घडी वाटावी अशी. दोन्ही वेळा दुसरा शर्ट पेटीत जसा गेला तसाच परत आला. दुसऱ्या खेपेपर्यंत काडीचं लग्न झालं होतं. बायकोनं पेटी उघडली, तो शर्ट हातात धरला आणि म्हणाली, "अहो, याला फिरायला नेता की काय?"

काडी हसला, पण ते त्याला लागलं. हरण्याचं त्याला फारसं वाईट वाटत नसे. समोरचा चांगला असला तर हरतो माणूस. पण एवढं लांब जायचं, आणि ज्या गावात जगभरची माणसं आठ दिवस राहणार, तिथून आपण पहिल्याच संध्याकाळी पेटी बांधायची, हे त्याला सलत राहिलं. पदकाचं स्वप्न वगैरे त्याला पडत नव्हतं. एक लढत जिंकावी आणि तिथला दुसरा दिवस बघावा, एवढंच.

तिसरी खेप आली तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. संघाचे साहेब, जे निवडीचं आणि प्रवासाचं बघायचे, त्यांनी स्पष्ट सांगितलं, "ही शेवटची. पुढच्या वेळी नवी पोरं." पेटी भरताना बायकोनं दुसरा शर्ट वर ठेवला.

"या वेळी हा मळवून आणा," ती म्हणाली. "मी धुईन. लाँड्रीत टाकणार नाही."

त्या परक्या शहरात खेळाडूंना उतरायला एक मोठं वसतिगृह होतं. लांब बोळ, दोन्ही बाजूंना एकसारख्या खोल्या, खाली भलंमोठं जेवणघर. साहेब शहरात दुसरीकडे, बाकीच्या साहेबांबरोबर उतरले. नियमांचं एक पुस्तक प्रत्येक संघाला मिळालं होतं, परक्या भाषेतलं. साहेबांनी ते मास्तरांना दिलं आणि मास्तरांनी ते कोटाच्या आतल्या खिशात जपून ठेवलं. जपून ठेवण्यात मास्तरांचा हात कुणी धरला नसता. वाचायचं म्हटलं तर ते ना मास्तरांना येत होतं, ना काडीला.

सकाळी वजन झालं. एकोणसाठ किलो आठशे ग्रॅम. आणि दुपारी काडीची लढत. समोर एक उंच, लांब पायांचा गडी, सारखा नाचणारा. पहिल्या फेरीत काडीला तो सापडेचना. दुसऱ्या फेरीआधी मास्तर त्याच्या कानाशी लागून म्हणाले, "त्याच्या मागे पळू नकोस. इस्त्री टेबलामागे पळते का? उभा राहा, तो येईल." काडी उभा राहिला आणि तो आला. डावा हात गेला आणि आला, गेला आणि आला. तिसऱ्या फेरीच्या शेवटी त्या उंच गड्याचं नाक लाल झालं होतं आणि नाचणं थांबलं होतं. पंचानं मधे उभं राहून दोघांचे हात धरले आणि काडीचा वर उचलला.

काडीनं आधी आपल्या हाताकडे बघितलं. मग मास्तरांकडे. मास्तर बादली हातात घेऊन उभे होते आणि बादलीतलं पाणी त्यांच्या बुटांवर सांडत होतं, ते त्यांना कळत नव्हतं.

मग ते दोघं जेवणघरात गेले.

तिथे ताट घेऊन जायचं आणि हवं तेवढं हवं तितक्या वेळा वाढून घ्यायचं, अशी सोय होती. आधीच्या दोन्ही खेपांना, हरल्यावर, तिथलं जेवणघर त्यांना धड बघायलाही मिळालं नव्हतं. लोण्यात परतलेले बटाटे होते, एवढाले. गरम पाव, दुधाचं दाट सूप, कलिंगडाच्या फोडी. मास्तर काडीला उठूच देईनात. स्वतः जायचे, ताट भरून आणायचे.

"खा रे. सात वर्षांची भूक आहे ही."

"पुरे मास्तर."

"पुरे काय? वजन झालंय. तोंड सुटलंय तुझं. उद्याचा गडी दणकट आहे म्हणतात, अंगात काही हवं की नको?"

संध्याकाळी पुन्हा एकदा तेच. त्या बटाट्यांची चव काडीला जन्मभर आठवली. झोपताना त्यानं दुसरा शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टांगला आणि पोटावर हात ठेवून झोपला. इतकं सुखाचं पोट त्याला कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं.

पहाटे पाचला मास्तर उठले. पोस्टाच्या नोकरीनं त्यांना ती सवय लावली होती. बोळात आले तर काय, लोकरी टोप्या आणि दोनदोन स्वेटर घातलेली माणसं बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती. एकजण कोपऱ्यात बसून कपात थुंकत होता. मास्तरांनी हे आपल्या गावात शेकडो वेळा बघितलं होतं, पण नेहमी पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी कधीच नाही. त्यांनी त्या थुंकणाऱ्याला खुणेनं विचारलं. त्यानं बोळाच्या टोकाच्या काट्याकडे बोट दाखवलं, मग भिंतीवरच्या घड्याळातल्या आठावर.

मास्तरांनी खिशातून ते पुस्तक काढून त्याच्यापुढे धरलं. त्यानं पानं उलटली, एका ओळीवर नख ठेवलं आणि ती ओळ खुणांनी समजावली. ज्या दिवशी लढत, त्या दिवशी सकाळी वजन. रोज. आणि त्यात जो बसला नाही तो बाद.

आपल्या संघातल्या कुणीच कधी दुसरा दिवस पाहिला नव्हता. मग हे कळणार कसं?

मास्तर खोलीत आले. काडीला उठवलं. "ऊठ," एवढंच म्हणाले. बोळातला काटा सरावाचा होता, त्यावर कुणीही कितीदाही चढावं. खरं वजन खाली, पंचांसमोर, आणि तिथे एकदाच. काडी काट्यावर चढला. या वेळी त्यानं श्वास सोडला नाही, कारण काय चाललंय हेच त्याला समजलं नव्हतं.

एकसष्ट किलो चारशे.

मास्तरांनी वाकून तो आकडा पुन्हा बघितला. "मी खायला घातलं तुला," ते म्हणाले.

"मी खाल्लं," काडी म्हणाला. "स्वेटर द्या तुमचा."

अंगावर मास्तरांचा स्वेटर, त्यावर आपला, त्यावर कोट चढवून काडी तासभर पळाला. सहाशे ग्रॅम गेले. मग घाम यायचाच बंद झाला. कातडी कोरडी पडली आणि पाय जड झाले. सहा वाजून गेले होते आणि काटा साठ आठशेवर अडला होता. काडी भिंतीला टेकून उभा राहिला. तेवढ्यात जिन्यातून वर एक वास आला. ओल्या कापडाचा आणि वाफेचा. असा वास नाकात गेल्यावर त्याला कुणी वाट दाखवायला नको होती.

"मास्तर, खाली लाँड्री आहे."

"आता कपडे कसले धुतोस?"

काडी जिना उतरायलाही लागला होता.

तळघरातली ती खोली मामांच्या दुकानाच्या चौपट होती. चादरी दाबायचे मोठाले वाफेचे रूळ, छताजवळून गेलेले तापलेले नळ, आणि सगळीकडे पांढरं धुकं. चारपाच बायका काम करत होत्या. त्यांतली एक, डोक्याला फडकं बांधलेली, मनगटं काडीच्या दंडाएवढी, पुढे आली आणि दाराकडे बोट दाखवून काहीतरी बोलली. भाषा कळली नाही तरी अर्थ कळण्यासारखा होता. काडीनं बोट जिभेला लावून टेबलावरच्या एका इस्त्रीच्या बुडाला टेकवलं. चर्र झालं. मग तिथलाच एक उशीचा अभ्रा ओढून त्यानं डाव्या हातानं इस्त्री फिरवली, घडी घातली आणि तिच्यापुढे धरली.

जगातल्या कुठल्याही लाँड्रीत माणसाची परीक्षा कोपऱ्यात होते. त्या बाईनं अभ्र्याचे चारही कोपरे एकेक करून बघितले. मग तिनं काडीकडे बघितलं, त्याचे दोन स्वेटर, कोट, ओठांवरची कोरड. तिच्या वसतिगृहात अशी माणसं दरवर्षी उतरत असणार. तिनं चादरींचा एक डोंगर उचलला आणि सगळ्यांत गरम नळाखालच्या टेबलावर आणून आदळला.

काडी कामाला लागला. थोड्या वेळानं कपाळावर पहिला थेंब आला. मग पाठीवर, मग नाकाच्या शेंड्यावरून चादरीवर पडायला लागला, तेव्हा त्या बाईनं त्याच्या गळ्याभोवती एक पंचा गुंडाळला. माणसावरच्या मायेपेक्षा त्यात चादरींची काळजी जास्त होती. मास्तर चादरीच्या घड्या घालायला उभे राहिले. त्यांना ते येत नव्हतं. दोनदा त्या बाईनं त्यांच्या हातावर चापट मारून घडी उलगडली.

"काय म्हणते ती?" मास्तरांनी विचारलं.

"मामा म्हणतात तेच म्हणत असेल," काडी म्हणाला. "अकलेचा उजेड."

मधूनमधून मास्तर त्याला वर काट्यापाशी नेत आणि परत आणत. साठ पाचशे. साठ तीनशे. साठ दीडशे. आठाला दहा मिनिटं असताना काडीनं इस्त्री उभी केली, तोंड धुतलं, पाणी थुंकून टाकलं आणि दुसरा शर्ट घालून पंचांच्या खोलीत गेला. तिथे शर्ट उतरवला आणि काट्यावर चढला. डोळे मिटले. अंगात सोडण्याइतका श्वासही राहिला नव्हता.

साठ. वर काही नाही आणि खाली काही नाही.

त्या दिवशी वजन आणि लढत यांच्या मध्ये दहा तास होते. काडीनं घोटघोट पाणी घेतलं, थोडा पाव खाल्ला, पण पोटानं काही धरून ठेवलं नाही. तो बाहेर पायऱ्यांवर उन्हात बसून राहिला. समोर निरनिराळ्या देशांची माणसं येत होती, जात होती, कुणी चेंडू उडवत होतं, कुणी पत्र लिहीत होतं. हाच तो दुसरा दिवस. काडीनं तो डोळे भरून बघितला. मास्तर शेजारी बसले होते आणि त्यांना काहीच दिसत नव्हतं.

"आज जिंकलास तर पदक आहे," मास्तर हळूच म्हणाले. "उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही देतात. साहेब सांगत होते."

"बघू," काडी म्हणाला. पण तेव्हापासून त्याच्याही मनात ते शिरलं.

संध्याकाळचा गडी बुटका होता, मान बैलासारखी, आणि तो त्याच शहरातला. सगळं सभागृह त्याचं. घंटा झाली आणि काडीचा डावा हात निघाला. अंगात उरलेलं सगळं जणू त्या एका हातात गोळा झालं होतं. बुटका आत शिरायला बघे आणि हात त्याच्या तोंडावर भेटे. तीन मिनिटं तसंच चाललं. सभागृह हळूहळू गप्प झालं.

दुसऱ्या फेरीत पोटऱ्यांत गोळे आले. घाम यायला हवा होता, आलाच नाही. बुटका आत शिरला, बरगड्यांवर मारायला लागला. काडी दोरीला टेकला, सुटला, परत टेकला. फेरी संपली तेव्हा मास्तरांनी टॉवेल हातात घेतला होता. तो रिंगणात टाकला की हार कबूल.

"टाकू का?"

"टाकलात तर जन्मात बोलणार नाही तुमच्याशी."

"अरे, पाय बघ तुझे."

"माझेच आहेत. बघितलेत मी."

तिसरी फेरी काडी कसा उभा राहिला ते त्याला नंतर आठवलं नाही. एवढंच आठवलं, की सभागृहाच्या मागच्या दारात फडकी बांधलेल्या चारपाच बायका उभ्या होत्या आणि सगळं गाव बुटक्याच्या नावानं ओरडत असताना त्या तेवढ्या त्याच्याकडे बघत होत्या. घंटा झाली. पंचानं बुटक्याचा हात उचलला. बुटक्यानं काडीला कवेत घेतलं, आणि बरं झालं, नाहीतर काडी तिथेच बसला असता.

मास्तर बादली उपसत होते, तेव्हा पंचांच्या टेबलावरचा कारकून आला आणि एक कागद काडीच्या हातात ठेवून गेला. पाच पंचांनी फेरीफेरीला दिलेले गुण. भाषा परकी असली तरी आकडे वाचता येत होते. दुसरी फेरी पाचही पंचांनी बुटक्याला दिली होती. तिसरीही. पहिली फेरी पाचांपैकी चौघांनी काडीला दिली होती.

काडीनं तो कागद पुन्हा वाचला. मग मास्तरांकडे बघितलं. ते बादलीवर वाकले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. काडीनं कागदाची बारीक घडी केली आणि मोज्यात सारली.

परतीच्या प्रवासात मास्तर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारलं, "गुणांचा कागद देतात म्हणे. तुला दिला का?"

"दिला होता. बघण्यासारखं काही नव्हतं. टाकला."

"काय होतं?"

"तिन्ही फेऱ्या त्याच्या."

"पहिलीसुद्धा?"

"पहिलीसुद्धा."

"मला वाटलं, पहिली आपली."

"तुम्ही माझ्या कोपऱ्यात होता, मास्तर. कोपऱ्यातून सगळं आपलंच दिसतं."

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचा विश्वास बसला नव्हता, पण बसावा अशी इच्छा होती, हे काडीला दिसलं.

गावी आल्यावर बायकोनं पेटी उघडली. कॉलर काळी, पाठीवर मिठाचे नकाशे. ती शर्ट घेऊन नळाकडे गेली. पोस्टातल्या लोकांनी छोटासा सत्कार केला, तेव्हा मास्तर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "हा हरला नाही. मी हरवलं याला. मी याला बटाटे चारले." लोकांना वाटलं गंमत करतायत, आणि ते हसले. काडी मात्र उठला. मास्तरांपुढे आवाज चढवण्याची ती त्याची पहिली आणि शेवटची वेळ.

"मास्तर, लढत माझी होती. हारही माझी आहे. ती तुम्ही कशाला घेता? समोरचा चांगला होता, त्यानं मारलं. खाल्लं नसतं तरी मारलं असतं."

मास्तर खाली बसले.

त्यानंतर गोदामात एक नवा रिवाज पडला. स्पर्धा कुठलीही असो, गावातली का असेना, मास्तर रोज सकाळी वजन घ्यायचे. जिंकलेल्याचं आणि हरलेल्याचंही. आणि डबा उघडायचे तो सगळी स्पर्धा संपल्यावर. पोरं कुरकुरायची. काडी त्यांना समजवायचा, कारण मास्तरांच्या मदतीला आता तोच उभा असे. मामा थकले, लाँड्री काडीकडे आली, विजेच्या इस्त्र्या आल्या. पण दर दोनचार वर्षांनी, काहीही विषय चाललेला असताना, मास्तर मध्येच विचारायचे, "पहिलीसुद्धा?" आणि काडी म्हणायचा, "पहिलीसुद्धा."

कागद बायकोला ठाऊक होता. पेटीच्या तळाशी, लग्नाच्या कपड्यांखाली. एकदा तिनं विचारलं, "सांगून का टाकत नाही? तुमच्याच तर जिंकलेल्या फेरीचा आहे तो."

"सांगितलं तर त्यांना कळेल की पाय असते तर मी जिंकलो असतो. म्हातारा त्याखाली दबून जाईल."

"आणि तुम्ही?"

"मला काय," काडी म्हणाला. "मला माहीत आहे की."

मास्तर अंथरुणाला खिळले तेव्हा काडी साठीला आला होता आणि वजनही आता सत्तरीकडे झुकलं होतं. रोज दुपारी दुकान बंद करून तो त्यांच्याकडे जायचा. धुतलेली चादर घेऊन जायचा, घालायचा, जुनी घेऊन यायचा. एका दुपारी चादरीची सुरकुती काढताना मास्तरांनी त्याचं मनगट धरलं.

"आता तरी खरं सांग. काय होतं त्या कागदावर?"

काडीनं हात सोडवून घेतला नाही. "तिन्ही त्याच्या, मास्तर. तो फार चांगला होता."

"मग बटाट्यांचा दोष नाही म्हणतोस."

"बटाट्यांचा कसला दोष?"

मास्तर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. दहा वर्षं त्यांनी तो चेहरा कोपऱ्यातून वाचला होता. त्यांनी काय वाचलं, ते त्यांचं त्यांना माहीत. मग त्यांनी मनगट सोडलं आणि उशीवर मान टाकली.

"चांगले होते रे मात्र," ते म्हणाले.

"लोणी होतं भरपूर."

"चार वेळा वाढून आणले मी तुला."

"पाच," काडी म्हणाला आणि चादरीचा कोपरा गादीखाली खोचला.